'याला गणित नको' असे म्हणण्याआधी

जूनमध्ये शाळा भरली की आमच्याकडे नव्या मुलांचे पालक येतात. अम्मी असते, अब्बा असतात, कधी मामू येतात, तर कधी नुसती दादी आणि तिच्या ओढणीचे टोक धरून उभे असलेले मूल. नाव, वय, दाखला, कार्ड एवढे झाले की बोलणे बहुधा एकाच जागी येऊन थांबते. "सर, इसको थोडा लिखना-पढना आ जाए, बस. हिसाब का बोझ मत डालो." कोकणातून आलेल्या घरातले लोक हेच मराठीत सांगतात, "गणित नाही आले तरी चालेल. याला कुठे दुकान चालवायचे आहे?"

बोलणारा वाईट हेतूने बोलत नाही. त्याला मुलाची कणव आलेली असते. पण या कणवेचा हिशेब पुढे दहा वर्षांनी त्याच मुलाला चुकता करावा लागतो, आणि तो किती जड पडतो हे आम्ही रोज पाहतो. म्हणून या महिन्याचे पान त्याच विषयाला द्यायचे ठरवले.

आम्ही तिघे आहोत. तिघेही गणित शिकवतो. आमच्यापैकी एक अंध मुलांना शिकवतो, एक कर्णबधिर मुलांना आणि एक बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना. पुढे जिथे 'आम्ही' येईल तिथे हे तिघे समजावेत.

आधी अंध मुलांचे. डोळस मूल वहीत बेरीज मांडते तेव्हा एकक एककाखाली, दशक दशकाखाली, आणि हातचा वर कोपऱ्यात लिहिते. सगळे गणित एका नजरेत असते. ब्रेल पाटीवर लिहिणाऱ्या मुलाकडे ही सोय नाही. ते कागद पाटीत अडकवून बोथट टोकाच्या छोट्या कलमाने उजवीकडून डावीकडे टोचत जाते. टिंबे कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, त्यामुळे वाचायचे असेल तर कागद काढून उलटावा लागतो. म्हणजे लिहिताना वाचता येत नाही आणि वाचताना लिहिता येत नाही. अशा रीतीने चार आकडी बेरीज करून पाहा! त्यात ब्रेलमध्ये अंकांना स्वतंत्र खुणा नाहीत. अक्षरांच्याच खुणा अंकांसाठी वापरतात आणि पुढे एक अंकचिन्ह जोडतात. ते चिन्ह राहिले तर १ चा 'अ' होतो, २ चा 'ब' होतो आणि ४ चा 'द'.

म्हणून अंकगणितासाठी निराळी पाटी असते. तिला टेलर फ्रेम म्हणतात. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या फळीवर आठ कोनांच्या भोकांच्या ओळी असतात आणि त्यात बसणारे बोटाच्या पेराएवढे टाइप असतात. टाइपाच्या एका टोकाला उठलेली रेघ असते, दुसऱ्या टोकाला दोन टिंबे. एकच टाइप आठ दिशांना फिरवून बसवता येतो, आणि दोन टोके धरली तर सोळा खुणा होतात. दहा अंक आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशी चिन्हे त्यात मावतात. मूल एका हाताने टाइप बसवते, दुसऱ्या हाताची बोटे आधीच्या ओळीवर फिरत राहतात. चुकले तर टाइप उपटून दुसरीकडे वळवायचा. खोडरबराची गरज नाही. मराठीत आपण 'हातचा' म्हणतो तो या मुलांच्या बाबतीत खरोखर हातात असतो. कित्येक मुले हातच्याचा टाइप डाव्या मुठीत धरून ठेवतात.

ही कल्पना काल-परवाची नाही. इंग्लंडमध्ये १६८२ साली जन्मलेल्या निकोलस साँडर्सनची दृष्टी वर्षाचा असतानाच देवीच्या रोगात गेली. त्याने फळीवर टाचण्या रोवून स्वतःपुरती बोटांनी वाचायची अंकगणिताची पाटी बनवली, आणि १७११ मध्ये केंब्रिज विद्यापीठात तो गणिताच्या त्या पदावर नेमला गेला, जे काही वर्षांपूर्वी न्यूटनकडे होते. आमच्या मुलांना हा किस्सा फार आवडतो. त्यातल्या न्यूटनपेक्षा टाचण्याच त्यांना जास्त आवडतात.

टेलर फ्रेम शिकायला वेळ लागतो हे खरे. तिसरीतल्या मुलाला एका तासात चार बेरजा झाल्या तर आम्ही खूश असतो. शेजारच्या शाळेतल्या त्याच्या चुलत भावाच्या तेवढ्या वेळात वीस होतात, आणि ईदला सगळे एकत्र जमले की ही तुलना होतेच. तोंडी गणितात मात्र चित्र उलटे असते. पाढे, दिडकी, सवायकी, पावकी या गोष्टी ज्या घरातल्या आजोबांना अजून येतात, त्या घरातल्या अंध मुलाने आमचे अर्धे काम वाचवलेले असते. आज वर्गांतून हे पाढे गेले. घरात कुणाला येत असतील तर मुलाला म्हणून दाखवावेत.

खरी अडचण आठवीपासून पुढे सुरू होते. समीकरणे, घातांक, वर्गमूळ, कंसात कंस, वर आकृत्या. "एक्स अधिक दोनचा वर्ग" असे तोंडाने म्हटले तर वर्ग नुसत्या दोनचा की सगळ्या कंसाचा? डोळ्यांना क्षणात कळते, कानाला कळत नाही. यावर काम केले ते अब्राहम नेमेथ या अमेरिकन गणितज्ञाने. तो जन्मापासून अंध होता. गणितात पुढे जायचे होते, पण सल्लागारांनी त्याला मानसशास्त्राकडे वळवले, कारण त्यांच्या मते अंध माणसाचे गणितात काय काम? त्याने मानसशास्त्राची पदवी घेतली, मग परत गणिताकडे आला आणि विद्यापीठात वर्षानुवर्षे गणित शिकवले. गणिताची सगळी चिन्हे ब्रेलमध्ये लिहिण्यासाठी त्याने तयार केलेली लिपी १९५२ पासून प्रचारात आली आणि नेमेथ कोड म्हणून ती आजही वापरतात.

आपल्याकडचे उदाहरण ताजे आहे. आंध्रातल्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीत उत्तम गुण मिळूनही अंध म्हणून विज्ञान शाखेला प्रवेश नाकारला गेला. ते कोर्टात गेले, प्रवेश मिळवला, बारावीला ९८ टक्के मिळवले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकून आले. २०२४ मध्ये त्यांच्यावर आलेला हिंदी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चित्रपट पाहून डोळे पुसणारेच दुसऱ्या दिवशी आपल्या भाच्याबद्दल "याला आर्ट्सला टाकू, गणित नको" असे म्हणतात, तेव्हा काय बोलावे ते आम्हाला सुचत नाही. आर्ट्स वाईट नाही. पण ती मुलाने निवडावी. दुसरे दार आम्हीच बंद केले म्हणून तो तिकडे गेला, असे होऊ नये.

परीक्षेची बाजूही इथेच सांगून टाकतो. दहावीला गणिताचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ४० गुणांचा, दोन तासांचा. दर तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, म्हणजे एका पेपरला चाळीस मिनिटे. लेखनिक मिळतो, पण तो खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे ज्याने वर्गसमीकरण कधी पाहिलेले नाही अशा मुलाकडून वर्गसमीकरण लिहवून घ्यायचे! म्हणून लेखनिक परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधू नये. मावसभाऊ असो की शेजारची मुलगी, दिवाळीच्या सुट्टीपासून दोघांनी आठवड्याला एक तास एकत्र बसावे. एकाने बोलायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि कंस कुठे उघडला, कुठे मिटला हे दोघांत आधी ठरलेले असावे. ज्या मुलांनी एवढे केले त्यांचे गुण वाढलेले आम्ही पाहिले आहेत.

कर्णबधिर मुलांबद्दल लोकांचा समज नेमका उलटा असतो. "ऐकू येत नाही, पण गणिताला काय ऐकायचे? आकडे तर दिसतात." आकडे दिसतात हे खरे, आणि नुसत्या बेरजा-वजाबाक्या ही मुले सफाईने करतात. पालक वही पाहून निर्धास्त होतात. मग चौथी-पाचवीत शाब्दिक उदाहरणे येतात आणि गाडी अडते.

हे उदाहरण पाहा. 'सलमाकडे १२ बांगड्या आहेत. तिच्याकडे आयेशापेक्षा ५ बांगड्या जास्त आहेत. तर आयेशाकडे किती?' वर्गातली जवळजवळ सगळी मुले १७ लिहितात. 'जास्त' हा शब्द दिसला की बेरीज, हे त्यांनी मनाशी पक्के केलेले असते. उत्तर ७ आहे हे कळायला 'पेक्षा' कळावे लागते. ऐकणाऱ्या मुलाने 'पेक्षा' कुणाकडून शिकलेला नसतो. "तुझ्यापेक्षा मी मोठा", "कालपेक्षा आज सालन तिखट झाले" असे दिवसातून पन्नास वेळा कानावर पडून तो त्याच्या अंगात मुरलेला असतो. आमच्या मुलांच्या कानावर तो पडलेलाच नाही. मराठीतली दुसरी अडचण म्हणजे कुणी कुणाला दिले हे शब्दाच्या शेपटाशी लटकलेले असते. 'सलमाने आयेशाला' आणि 'सलमाला आयेशाने' यांत सारा व्यवहार उलटतो, पण हे 'ने' आणि 'ला' ओठांवरून वाचताना पटकन निसटून जातात.

त्यामुळे आमच्यापैकी जो या मुलांना शिकवतो, तो गणिताच्या तासाला निम्मा वेळ मराठी शिकवत असतो. त्याच्या कपाटात बांगड्या, बटणे, खजुराच्या बिया आणि जुन्या लग्नपत्रिका भरलेल्या आहेत. उदाहरण आधी दोन मुलींनी करून दाखवायचे. सलमा झालेली मुलगी बारा बांगड्या घालते, आयेशा झालेली शेजारी उभी राहते. दोघींनी हात एकमेकींशेजारी धरायचे, जोडी जोडी मोजायची, आणि सलमाच्या हातात उरलेल्या पाचांवर रुमाल टाकायचा. मग खुणांच्या भाषेत तेच सांगायचे. मग लिहिलेले वाक्य वाचायचे. शेवटी तेच दोन आकडे घेऊन चार वेगळी वाक्ये करायची आणि प्रत्येकात काय बदलले ते शोधायचे. एका उदाहरणाला एक तास जातो. निरीक्षणाला आलेल्या एका साहेबांनी विचारले होते, "आज एकच गणित?" त्यांना वर्गात बसवून पुढचे तीनही वाक्यप्रकार दाखवले, तेव्हा चहा गार झाला तरी ते उठले नाहीत.

घरच्यांना यात करण्यासारखे खूप आहे. मुलाशी खुणांनी फक्त 'जेव', 'झोप', 'चल' एवढेच बोलले जाते. त्याऐवजी पैशांचे, वयाचे, वेळेचे बोलावे. भाऊ किती वर्षांनी मोठा, दूध आज का कमी आले, मामूकडे जायला किती तास लागले. मुलाला ऐकू येत नाही म्हणून घरातले व्यवहार त्याच्यापासून लपून राहतात, आणि तेच व्यवहार उद्या प्रश्नपत्रिकेत येतात.

आता ज्यांना लोक 'मंद' म्हणतात त्या मुलांकडे येतो. हा शब्द आम्ही वापरत नाही, वाचकांनीही वापरू नये. आमच्या वर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. पाच खडे पुढे ठेवले तर तीनपर्यंत यायचा आणि हसून आमच्याकडे पाहायचा. एकदा त्याच्या अब्बांनी सहज सांगितले की घरी हा दादांच्या शेजारी नमाजला उभा राहतो. दादांचे वय झाले, विसरतात. अस्रला त्यांनी तिसऱ्या रकातीनंतर सलाम फेरला की हा मुलगा त्यांचा हात धरतो आणि म्हणतो, "दादा, तीन हुई." मगरिबला मात्र काही बोलत नाही, कारण तिथे तीनच असतात.

फज्रला दोन, जोहर आणि अस्रला चार, मगरिबला तीन, इशाला चार. हा मुलगा दिवसातून पाच वेळा मोजत होता आणि मोजलेले लक्षातही ठेवत होता. फरक इतकाच, की खडे त्याच्यासमोर एकदम पडलेले असत, तर रकाती एकापाठोपाठ एक येतात, आणि प्रत्येकीत सारे शरीर हलते. मग त्याची मोजणी आम्ही अंगावर आणली. पायऱ्या चढताना मोज, बादलीत तांबे ओतताना मोज, चादरीच्या घड्या मोज. खडे सर्वांत शेवटी आले. दहापर्यंत यायला त्याला वर्ष लागले. नंतर वीसपर्यंत यायला चार महिने पुरले.

या मुलांना आम्ही भूमिती शिकवत नाही. पैसा, घड्याळ, कॅलेंडर, माप आणि बसचा क्रमांक एवढे पक्के करतो. सुट्टे मोजणे फार अवघड जाते, त्यावर एक साधी युक्ती आहे. दुकानदार सत्तावीस म्हणाला तर दहा-दहाच्या नोटा मोजायच्या, आणि 'वीस'च्या पुढे एक जास्त द्यायची. म्हणजे तीन. अडतीस म्हणाला तर चार. उरलेले पैसे परत येतात ते पाकिटात टाकायचे. मुलाला वजाबाकी येत नसली तरी तो बेकरीतून पाव आणि अंडी आणू शकतो, आणि त्याच्यामागे कुणाला धावावे लागत नाही. गल्लीतल्या दुकानदाराला एकदा सांगून ठेवावे. बहुतेक दुकानदार मनापासून मदत करतात. एखादाच पैसे कमी परत करतो, आणि तो कोण हे मोहल्ल्याला ठाऊक असतेच.

मुलाला दिसत नसेल तर नोटा ओळखणे हाच एक पाठ होतो. २०१६ नंतरच्या नोटांची रुंदी जवळपास सारखीच ठेवली आहे, फरक मुख्यतः लांबीत आहे. शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटाला कळतो, पण दोन नोटा शेजारी धरल्या तरच. शंभर आणि त्यावरच्या नोटांवर कडेला तिरप्या उठावाच्या रेघा आहेत, शंभरवर चार आणि पाचशेवर पाच. नोट जुनी झाली की त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये 'मनी' नावाचे अॅप काढले आहे. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते किंमत बोलून सांगते. आमची मोठी मुले मात्र जुन्याच युक्तीवर भरवसा ठेवतात. शंभरची नोट सरळ, दोनशेची एकदा घडी घालून, पाचशेची दोनदा. घरी पगार आल्याबरोबर घड्या घालून घ्यायच्या, की महिनाभर कुणाला विचारायला नको.

याखेरीज एक गोष्ट आहे, जी आपल्या घरांत विशेष करून होते. मूल घरी दखनी किंवा उर्दू बोलते आणि मराठी शाळेत जाते. घरी 'पैंतीस', शाळेत 'पस्तीस'. घरी 'उनचास', शाळेत 'एकोणपन्नास'. घरी 'तिरासी', शाळेत 'त्र्याऐंशी'. एरवी मूल हे सांभाळून घेते. पण ज्या मुलाला अंकांशीच झगडावे लागते, ज्याला डिस्कॅल्क्युलिया आहे, त्याच्या डोक्यात या दोन रांगा एकमेकींत मिसळतात. त्यात आपल्या दोन्ही भाषांत आकडा उलटा बोलला जातो. 'पंचवीस'मध्ये पाच आधी, वीस नंतर. मूल ऐकते तसे लिहिते, ५२. उर्दू शाळेतल्या मुलाला तर आणखी एक पेच असतो. त्याची लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि आकडा डावीकडून उजवीकडे.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, आणि लोक भाषा बुडाली म्हणून ओरडत होते. आमचे मत विचाराल तर आमच्या वर्गात ही पद्धत त्याआधीही होती आणि पुढेही राहील. मूल 'तीस पाच' म्हणून ३५ बरोबर लिहीत असेल तर 'पस्तीस' आणि 'पैंतीस' दोन्ही नंतर येतात. घरच्यांना विनंती एवढीच, की अभ्यासाला बसताना एकच रांग धरावी. कुठली, हे मुलाच्या शिक्षकांना विचारावे.

डिस्कॅल्क्युलिया हा शब्द अनेकांना नवा असेल. अशा मुलाचे डोळे, कान, बुद्धी सगळे ठीक असते. गोष्टी छान सांगते, वाचते, पण आठ मोठे की सहा हे त्याला मोजल्याशिवाय कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, त्यात अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर दहावीला जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. याच सवलतींत बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या स्तरावरचे अंकगणित घेण्याचीही मुभा महाराष्ट्रात मिळत आली आहे.

या मुभेने कितीतरी मुलांची दहावी वाचवली आहे आणि तिच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे आहे ते घाईबद्दल. काही ठिकाणी आठवीत मूल नापास झाले की शाळा पालकांना बोलावून सांगते, याला सातवीचे गणित देऊ, निकाल चांगला लागेल. निकाल कुणाचा, हे विचारायला हवे! एकदा तो पर्याय घेतला की पुढे विज्ञानाची वाट अवघड होते, आणि जिथे गणित मागतात अशा अभ्यासक्रमांचीही. पालकांनी आधी विचारावे, की दोन वर्षांत मुलासाठी वेगळे काय करून पाहिले? मणी दिले का, चौकटींची वही दिली का, कॅल्क्युलेटर दिला का, एकाच पानावर वीसऐवजी पाच उदाहरणे दिली का? हे सगळे करूनही मूल रडत असेल, रात्री झोपेत दचकत असेल, तर खुशाल सातवीचे गणित घ्यावे. तिथे हट्ट धरणे हा मुलावर जुलूम आहे. पण काहीच न करता पहिल्याच बैठकीत सही करू नये.

घरातल्या वस्तूंबद्दल पालक नेहमी विचारतात, काय विकत आणू? बहुधा काहीच नको. रोटीचे दोन सारखे भाग कर म्हणून मुलाच्या हाती रोटी द्यावी. अंध मूल दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून कडा चाचपते, आणि अर्धा म्हणजे काय हे त्याला आयुष्यभर विसरता येत नाही. जाड कागदावर लोकरीचा धागा शिवून त्रिकोण, वर्तुळ, आलेखाची रेघ काढता येते, आणि भरतकाम येणाऱ्या खाला हे आमच्यापेक्षा सुबक करतात. तस्बीह खेळायला देऊ नये, पण मूल नानीच्या मांडीवर बसून तिच्या बोटाबरोबर बोट सरकवत असेल तर सरकवू द्यावे. तेहतीस मणी, मग एक वेगळा मणी, पुन्हा तेहतीस. अंध मुलांचा अबॅकस याहून फार निराळा नाही. त्याच्या मण्यांमागे नमद्याचा तुकडा लावलेला असतो, म्हणजे बोट लागून मणी घसरत नाही.

आणि मोठ्या बहिणीने गृहपाठ करून देऊ नये. ती प्रेमाने करते हे आम्हाला कळते. पण वहीतला तो सुंदर गुणाकार कुणाचा, तेही आम्हाला कळते.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी दोन शब्द. आमच्या कामाला माणसे कमी आहेत, गणिताला तर फारच कमी. बारावीनंतर विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका करता येते, पदवीनंतर विशेष शिक्षणातले बी.एड. करता येते. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवडावा, कारण तिची नोंदणी नसेल तर काम करता येत नाही. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, जिला महाराष्ट्राचे एकेकाळचे राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. तिथे असे शिक्षक तयार होतात. पगार सुरुवातीला फार नसतो आणि विनाअनुदानित शाळेत तो वेळेवर येईलच असेही नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

मूल यंदा आठवी-नववीत असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड तयार आहे का ते या महिन्यातच पाहून घ्यावे. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो, आणि दहावीचे वर्ष सुरू झाल्यावर रुग्णालयाची तारीख मिळवण्यात महिने जातात. जाताना मुलाला बरोबर न्यावे, त्याच्या वह्या न्याव्यात, आणि त्याला काय येते तेही डॉक्टरांना सांगावे. काय येत नाही ते कागदावर आपोआप लिहिले जाते.